डेटाबेसच्या पोटात तारीख कशी असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधल्या एका जुन्या टेबलातून कच्चा डेटा बाहेर काढला, तेव्हा तारखेच्या कॉलममध्ये तारखेऐवजी आठ बाइट मिळाले: ०, ०, १७७, ५२, ०, १७३, ८, २२४. ही तारीख कोणती? ती वाचायची कशी? आणि डेटाबेस तारीख नेमकी कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवतो, आधी दिवस की आधी वर्ष?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. फॉरमॅट नावाची गोष्ट डेटाबेसच्या आत नसतेच. दिवस आधी की महिना आधी, मध्ये रेघ की तिरकी काठी, हे सगळं तारीख पडद्यावर छापताना ठरतं, आणि ते ठरवतं तुमचं क्लायंट सॉफ्टवेअर. आत असतो एक आकडा, किंवा दोन-चार आकडे एकमेकांना चिकटवलेले. तो आकडा वाचायला तीन गोष्टी माहीत हव्यात: मोजणी कुठून सुरू केली, कोणत्या मापाने केली, आणि बाइट कोणत्या क्रमाने मांडले. 'आमच्या डेटाबेसमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी सेव्ह होते' असं कोणी सांगितलं की मी पहिली शंका घेतो ती तारीख टेक्स्ट कॉलममध्ये भरली असण्याची. दहापैकी बऱ्याच वेळा ती खरी निघते.

आता तुमचे आठ बाइट. बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे नुसता ० किंवा १. मी बाइट साध्या दशमान आकड्यांत लिहितोय, म्हणजे प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला.

एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार म्हणजे चार-चार बाइटांचे दोन पूर्णांक. पहिला, १ जानेवारी १९०० पासून किती दिवस झाले. दुसरा, त्या दिवशीच्या मध्यरात्रीपासून किती 'टिक' झाले. पहिले चार बाइट ०, ०, १७७, ५२. म्हणजे १७७ गुणिले २५६ अधिक ५२, एकूण ४५,३६४ दिवस. १ जानेवारी १९०० मध्ये एवढे दिवस मिळवले की १५ मार्च २०२४ येतो. दुसरे चार ०, १७३, ८, २२४. म्हणजे १७३ गुणिले ६५,५३६, अधिक ८ गुणिले २५६, अधिक २२४, एकूण १,१३,४०,००० टिक. एका सेकंदात ३०० टिक असतात. भागाकार केला की ३७,८०० सेकंद, म्हणजे बरोबर साडेदहा तास. तुमची तारीख १५ मार्च २०२४, सकाळी १०:३०.

सेकंदाचे तीनशे भाग! हजार नाही, शंभर नाही, तीनशे. या एका निवडीने जितके रिपोर्ट चुकवलेत तितके मोठमोठ्या बगांनी चुकवले नसतील. एक टिक ३.३३ मिलिसेकंदांचा असल्यामुळे डेटटाइममध्ये मिलिसेकंदाचा शेवटचा अंक फक्त ०, ३ किंवा ७ असू शकतो. तुम्ही .००५ भरलं तर .००७ मिळतं. हे बहुतेकांना कधी दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा महिनाअखेर असते.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. विक्रीचा मासिक रिपोर्ट होता. अट अशी लिहिली होती: तारीख १ मार्चपासून ३१ मार्चच्या २३:५९:५९.९९९ पर्यंत. वाचायला अगदी चोख. पण .९९९ सेकंद गुणिले ३०० म्हणजे २९९.७ टिक. अपूर्णांक टिक ठेवायला जागाच नाही, म्हणून जवळचा पूर्णांक घेतला जातो: ३००. तीनशे टिक म्हणजे पूर्ण सेकंद, आणि ३१ मार्चच्या शेवटच्या सेकंदात पूर्ण सेकंद मिळवला की १ एप्रिलची मध्यरात्र. त्या टेबलात बिलांच्या तारखा वेळेशिवाय भरलेल्या, म्हणजे प्रत्येक बिल मध्यरात्री शून्य वाजताचं. परिणाम असा की १ एप्रिलची सगळी बिलं मार्चच्या रिपोर्टातही आली आणि एप्रिलच्याही. दोन्ही रिपोर्ट वेगवेगळे बघितले तर निर्दोष. वर्षाची बेरीज जुळवायला बसलो तेव्हा कुठे ते उघडं पडलं, आणि तोवर मी निदान आठवडाभर करांच्या हिशेबात चूक शोधत होतो.

तेव्हापासून शेवटचा क्षण मी कधीच लिहीत नाही. '१ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी' अशी अट लिहायची. कॉलमचा प्रकार कोणताही असो, टिक केवढाही असो, ही अट मोडत नाही.

याच जुन्या डेटटाइमला दुसरी विचित्र मर्यादा आहे: तो १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख घेत नाही. दिवसांचा आकडा ऋण असू शकतो, चार बाइटांत जागाही भरपूर आहे. मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी सप्टेंबर १७५२ मध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन धरलं. त्या महिन्यात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. त्या आधीच्या दोन तारखांमध्ये किती दिवस गेले हे कोणत्या देशाचं कॅलेंडर धरता यावर अवलंबून. हा वाद टाळण्यासाठी दार १७५३ ला बंद केलं. ऑरॅकल या दुसऱ्या डेटाबेसने वेगळा मार्ग धरला: तिथे ४ ऑक्टोबर १५८२ मध्ये एक दिवस मिळवला की १५ ऑक्टोबर मिळतो, कारण पोपच्या फर्मानानुसार बदल तेव्हा झाला. पोस्टग्रेस हा डेटाबेस तिसऱ्या पंथाचा. तो ग्रेगोरियन नियम सरळ मागे ताणत नेतो, जणू ते कॅलेंडर अनादिकाळापासून चालू होतं. म्हणून सोळाव्या शतकातली एकच तारीख एका डेटाबेसातून दुसऱ्यात नेताना दहा दिवसांनी हलू शकते. तुमच्याकडे ऐतिहासिक दस्तऐवज नसतील तर हे विसरलात तरी चालेल.

आता गंमत बघा. हाच क्षण, १५ मार्च २०२४ सकाळी १०:३०, दुसरीकडे कसा ठेवला जातो.

ऑरॅकलचा डेट प्रकार सात बाइटांचा. त्यात कच्चे बाइट दाखवणारं डम्प फंक्शन वापरून बघितलं तर दिसतं: १२०, १२४, ३, १५, ११, ३१, १. पहिल्या दोन आकड्यांतून शंभर वजा करा: २० आणि २४, म्हणजे शतक आणि वर्ष. मग महिना आणि दिवस जसेच्या तसे. शेवटच्या तिघांतून एक-एक वजा करा: १०, ३०, ०. इथे मोजणी नाहीच. भिंतीवरचं कॅलेंडर आणि घड्याळ बघून आकडे उतरवून घ्यावेत तसा प्रकार. शंभर मिळवलेत म्हणून इसवी सनापूर्वीची शतकं शंभराच्या खाली बसतात आणि चिन्हासाठी वेगळा बिट लागत नाही. वेळेत एक मिळवल्यामुळे मध्यरात्र सुद्धा १, १, १ अशी येते. खऱ्या तारखेत एकही बाइट शून्य नसतो. हे उपयोगी पडतं. जुन्या सी प्रोग्रामांतून सात कच्चे बाइट थेट आत ढकलता येतात, आणि एखाद्याने रिकामं बफर, म्हणजे मेमरीतली न भरलेली जागा, ढकललं तर कॉलममध्ये अशी 'तारीख' बसते जी कुठल्याच कॅलेंडरात नाही. क्वेरी चालते, छापताना शून्यं येतात, आणि मायग्रेशनच्या दिवशी सगळं अडतं. ऑरॅकलमधून डेटा हलवण्याआधी डम्पमध्ये शून्य शोधून घ्या.

एक टीप जाता जाता: टेबलातल्या कॉलमऐवजी सिसडेटवर, म्हणजे आत्ताची वेळ देणाऱ्या फंक्शनवर, डम्प लावला तर आठ बाइट दिसतात आणि प्रकार क्रमांक १२ ऐवजी १३ येतो. सुरुवात २३२, ७ अशी असते. घाबरू नका, ७ गुणिले २५६ अधिक २३२ म्हणजे २०२४. ते मेमरीतलं रूप आहे, डिस्कवरचं नाही. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

आयबीएमचा डीबी२ तर आणखी सरळ: हेक्स व्ह्यूअरमध्ये (कच्चे बाइट सोळाच्या पद्धतीत दाखवणाऱ्या साधनात) टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख-वेळेचा प्रकार, उघडला की २०, २४, ०३, १५, १०, ३० असं डोळ्यांना वाचता येतं, कारण दशमान अंक अर्ध्या-अर्ध्या बाइटात भरलेले असतात. मायक्रोसेकंदांसकट दहा बाइट लागतात. वाचायला सुख, जागेला महाग.

मायएसक्यूएलचा डेटटाइम मला मनापासून आवडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. ५.६.४ आवृत्तीच्या आधी तो भाबडा होता: २०२४०३१५१०३००० हा चौदा अंकी आकडा आठ बाइटांच्या पूर्णांकात ठेवायचा, बस. ५.६.४ पासून तेच काम पाच बाइटांत होतं. पाच बाइट म्हणजे चाळीस बिट, आणि त्यांची वाटणी अशी: चिन्हाला १, वर्ष-महिन्याला मिळून १७, दिवसाला ५, तासाला ५, मिनिटाला ६, सेकंदाला ६. वर्ष आणि महिना एकत्र करायला वर्षाला १३ ने गुणून महिना मिळवतात. बारा महिने असताना तेरा का? कारण मायएसक्यूएल 'महिना शून्य' सुद्धा चालवून घेतो, ० ते १२ मिळून तेरा किंमती. २०२४ गुणिले १३ अधिक ३, एकूण २६,३१५. आता बिट मांडू:

१ | ००११००११०११००१०११ | ०११११ | ०१०१० | ०११११० | ००००००

डावीकडून वाचा: चिन्ह, २६,३१५, १५ तारीख, १० तास, ३० मिनिटं, ० सेकंद. आता मधल्या रेघा पुसा आणि आठ-आठचे गट पाडा. येतात १५३, १७८, २२२, १६७, १२८. हेच ते पाच बाइट. त्यात एकेक बाइट दोन-तीन गोष्टींमध्ये वाटला गेलाय: तिसऱ्या बाइटातले पहिले दोन बिट वर्ष-महिन्याचे, पुढचे पाच दिवसाचे, शेवटचा एक तासाचा. म्हणून बाइट नुसते बघून काही कळत नाही. बिटांपर्यंत उतरावं लागतं.

चिन्हाचा बिट उलटा आहे हे लक्षात आलं का? धन तारखेला १. नेहमीच्या पूर्णांकात उलट असतं. कारण असं की बाइट मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे जास्त किमतीचा आधी, मांडलेत, आणि धन किंमतींचा पहिला बिट १ असला की दोन तारखांची तुलना करायला तारीख उलगडावीच लागत नाही. डावीकडून एकेक बाइट ताडून बघायचा. जिथे फरक पडला तिथे निकाल. इंडेक्समध्ये, म्हणजे शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवलेल्या क्रमवार यादीत, अशा तुलना लाखोंनी होतात. हेच टेक्स्टमध्ये ठेवलं असतं तर १९ अक्षरं लागली असती, पाचाऐवजी, आणि प्रत्येक इंडेक्समध्ये पुन्हा तेवढीच. सेकंदाचे अपूर्णांक हवे असतील तर दर दोन अंकांना एक बाइट वाढतो, सहा अंकांपर्यंत.

पोस्टग्रेसमध्ये पुन्हा शुद्ध मोजणी. आठ बाइटांचा एकच पूर्णांक, १ जानेवारी २००० च्या मध्यरात्रीपासूनचे मायक्रोसेकंद. आपल्या क्षणापर्यंत ८,८४० दिवस आणि साडेदहा तास, म्हणजे ७६,३८,१३,८०० सेकंद, आणि पुढे सहा शून्यं. बाइट होतात ०, २, १८२, १७५, ६६, ५७, ५८, ०. नेटवर्कवरून बायनरी स्वरूपात येताना हा क्रम असतो. डिस्कवर मात्र प्रोसेसरचा स्वतःचा क्रम, म्हणजे नेहमीच्या सर्व्हरवर अगदी उलटा: ०, ५८, ५७, ६६ असा. पोस्टग्रेसची डेटा डायरेक्टरी वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर तशीच उचलून नेता येत नाही, त्याची जी कारणं आहेत त्यांत हे एक. पूर्वी पोस्टग्रेस हाच आकडा दशांश स्वरूपात, सेकंदांत ठेवू शकत असे. तेव्हा २००० सालापासून जितके दूर जाल तितकी अचूकता ढासळायची. ८.४ पासून पूर्णांक हा डिफॉल्ट झाला आणि १० मध्ये जुना पर्यायच काढून टाकला. चांगलं केलं.

पोस्टग्रेसचा नुसता डेट चार बाइटांचा. पण तो टेबलात टाइमस्टॅम्पच्या आधी ठेवला तर बऱ्याचदा मध्ये चार बाइट रिकामे जातात, कारण टाइमस्टॅम्पला आठाच्या पटीतली जागा लागते. कोट्यवधी ओळींच्या टेबलात कॉलमांचा क्रम बदलून जागा वाचते ती अशी.

त्याचा कालावधीचा प्रकार, इंटर्व्हल, बघण्यासारखा आहे. सोळा बाइट आणि तीन वेगळे आकडे: महिने, दिवस, मायक्रोसेकंद. सगळे सेकंदांत का मोजले नाहीत? कारण महिना २८ दिवसांचाही असतो आणि ३१ चाही, आणि घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांत दिवस २३ किंवा २५ तासांचा होऊ शकतो. ३१ जानेवारी २०२४ मध्ये 'एक महिना' मिळवला तर २९ फेब्रुवारी आला पाहिजे. 'तीस दिवस' मिळवले तर १ मार्च. हा भेद सेकंदांत मोजून टिकत नाही. ज्याने हा प्रकार रचला त्याला हप्त्यांची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांची दया आली असावी.

एसक्यूएल सर्व्हरने पुढे आपली चूक सुधारली. डेटटाइम२ मध्ये तीनशेचा प्रकार नाही. सेकंदाचे एक कोटी भाग, म्हणजे १०० नॅनोसेकंदांचं माप, आणि मोजणी १ जानेवारी ०००१ पासून. बायनरीत कास्ट केलं, म्हणजे कच्च्या बाइटांत बदललं, तर आपला क्षण असा दिसतो: ७ | ०, ६८, १४२, २, ८८ | १४३, ७०, ११. पहिला ७ म्हणजे अपूर्णांकाचे अंक. तो कास्ट करताना पुढे लागतो, टेबलात नसतो. मग वेळेचे पाच बाइट, मग दिवसांचे तीन, आणि दोन्ही गट लहानाकडून मोठ्याकडे. ११ गुणिले ६५,५३६ अधिक ७० गुणिले २५६ अधिक १४३ करा: ७,३८,९५९ दिवस. जुन्या डेटटाइमच्या अगदी उलट क्रम, त्यामुळे जुनं वाचायचं कोड याला लावलं तर कचरा मिळेल. आणि एक खड्डा: कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ती सेटिंग) १३० पासून, म्हणजे २०१६ च्या आवृत्तीपासून, जुना डेटटाइम नव्यात बदलताना .००३ हे .००३३३३३ होतं, कारण टिकाची खरी किंमत तीच आहे. गणित बरोबर, पण दोन टेबलांच्या ओळी जोडणारे, आधी जुळणारे जॉइन अपग्रेडनंतर जुळेनासे होतात. दोन्हीकडे एकच प्रकार ठेवा.

एसक्यूलाइटमध्ये तारखेचा प्रकारच नाही. टेक्स्ट, सेकंदांचा पूर्णांक किंवा ज्युलियन दिवसांचा (खगोलशास्त्रातल्या सलग दिवसमोजणीचा) दशांश, यांपैकी तुम्हाला हवं ते भरा. आपला क्षण ज्युलियन दिवसांत २४६०३८४.९३७५ होतो. हा दिवस दुपारी बारा वाजता सुरू होतो, खगोलशास्त्रज्ञांची रात्र दोन तारखांत तुटू नये म्हणून, त्यामुळे मध्यरात्रीला .५ येतं. एकाच कॉलममध्ये तिन्ही प्रकार भरलेली फाइल मी पाहिलेली आहे. एसक्यूलाइटने हूं की चूं केलं नव्हतं.

आता टाइमझोन, कारण इथे नावंच दिशाभूल करतात. पोस्टग्रेसमध्ये 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' हा प्रकार आठ बाइटांचा आहे, आणि झोन नसलेला प्रकारही आठच बाइटांचा. मग झोन ठेवला कुठे? कुठेच नाही. आत येताना वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलली जाते, बाहेर जाताना तुमच्या सेशनच्या झोनमध्ये. मूळ झोन कोणता होता ही माहिती दारातच गळून पडते. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्पही असाच, डेटटाइम मात्र जे दिलं ते जसंच्या तसं ठेवतो. उलट ऑरॅकलचा झोनवाला टाइमस्टॅम्प १३ बाइटांचा असतो आणि झोन खरोखर साठवतो. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइमऑफसेट यूटीसीपासूनचं अंतर मिनिटांत, दोन बाइटांत ठेवतो. पण अंतर म्हणजे झोन नव्हे. घडून गेलेल्या गोष्टीला यूटीसी पुरतं. पुढच्या वर्षीच्या भेटीची वेळ ठेवायची असेल तर स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन कॉलमांत, ठेवा. कारण मधल्या काळात त्या देशाच्या सरकारने घड्याळाचा नियम बदलला तर यूटीसीतला तुमचा आकडा चुकलेला असेल आणि भिंतीवरची वेळ बरोबर.

मायएसक्यूएलच्या टाइमस्टॅम्पमध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद चार बाइटांत असतात. आपला क्षण यूटीसीतला धरला तर १०१, २४४, ३५, ४०, म्हणजे १,७१,०४,९८,६०० सेकंद. १२७, २५५, २५५, २५५ ला जागा संपते: १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसी. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी जणांना ठाऊक असतं ते दुसरं टोक: हा प्रकार १९७० च्या पहिल्या सेकंदापासून सुरू होतो, शून्यापासून नाही, कारण शून्य हा आकडा 'सगळीच शून्यं' या खोट्या तारखेसाठी राखून ठेवलेला आहे. मायएसक्यूएलपासूनच निघालेल्या मारियाडीबीने ११.५ मध्ये चिन्हाचा बिट कामाला लावून तेवढ्याच चार बाइटांत फेब्रुवारी २१०६ पर्यंत मजल नेली. एसक्यूएल सर्व्हरच्या स्मॉलडेटटाइमची भिंत आणखी वेगळी, ६ जून २०७९, कारण त्यात दिवसांना दोनच बाइट आहेत आणि ६५,५३५ दिवस तिथे संपतात.

स्प्रेडशीटचा दोन दिवसांचा सापळाही सांगायलाच हवा, कारण तुमच्यासारख्या कामात तो हमखास लागतो. एक्सेलमध्ये १५ मार्च २०२४ चा आकडा ४५,३६६ आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ४५,३६४. एक दिवस यासाठी की एक्सेल १ जानेवारी १९०० ला शून्य न म्हणता एक म्हणतं. दुसरा यासाठी की ते २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उगवलेला दिवसही मोजतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमधली ती चूक सुसंगततेसाठी जशीच्या तशी ठेवली गेली. एकदा आमच्या टीमने जन्मतारखांचे असे आकडे थेट डेटटाइममध्ये ओतले. सगळी माणसं दोन दिवसांनी लहान झाली. कोणीही तक्रार केली नाही, वाढदिवसाचे संदेश उशिरा जायला लागेपर्यंत.

अनोळखी बायनरी तारीख समोर आली तर मी काय करतो? आधी अशा दोन ओळी शोधतो ज्यांच्या खऱ्या तारखा मला दुसरीकडून, कागदावरून किंवा रिपोर्टावरून, माहीत आहेत. दोघींच्या आकड्यांतला फरक खऱ्या फरकाने भागला की माप कळतं: दिवस, सेकंद, मिलिसेकंद की आणखी काही. मग एक तारीख मागे मोजत नेली की आरंभबिंदू सापडतो, आणि तो बहुधा ओळखीचाच निघतो: १९७०, १९००, २०००, ३० डिसेंबर १८९९, १ जानेवारी १६०१, किंवा फायरबर्ड डेटाबेस असेल तर १७ नोव्हेंबर १८५८. उत्तर वेडंवाकडं आलं तर बाइट उलटे करून पुन्हा. नुसत्या आकड्याच्या लांबीवरूनही अंदाज येतो: हल्लीचे १९७० पासूनचे सेकंद दहा अंकी, मिलिसेकंद तेरा अंकी, मायक्रोसेकंद सोळा अंकी. मोंगोडीबी या डेटाबेसच्या तारखा मिलिसेकंदांत, आठ बाइटांत, लहान बाइट आधी. त्याच्या ऑब्जेक्ट आयडीचे, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या ओळख-क्रमांकाचे, पहिले चार बाइट मात्र सेकंद असतात आणि मोठा बाइट आधी. तारखेचा कॉलमच नसलेल्या डेटात ओळ कधी तयार झाली हे मी कित्येकदा तिथून काढलंय. चार बाइटांच्या सेकंदांत पहिला बाइट साधारण १९४ दिवसांनी एकाने वाढतो, तेव्हा मार्च २०२४ च्या मध्याला १०१ दिसला तर तुम्ही बरोबर जागी आहात.

तुमच्या फाइलीपुरतं एक काम आधी करा. ज्या ओळींत शेवटचे चारही बाइट शून्य आहेत त्या मोजा. जवळजवळ सगळ्याच तशा निघाल्या तर त्या कॉलममध्ये वेळ कोणी भरतच नव्हतं आणि १०:३० ची तुमची ओळ अपवाद आहे. नव्या टेबलात तीन बाइटांचा डेट प्रकार पुरेल. मात्र त्या अपवादांची यादी प्रकार बदलण्याआधी काढून ठेवा, नंतर ती वेळ परत मिळणार नाही.